चार तारीख आणि आठ तारीख : जपानी एन-५ परीक्षेचा माझा अनुभव

३ डिसेंबर २०२३ रोजी मी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-५ या पातळीला बसलो आणि जानेवारीच्या अखेरीस लागलेल्या निकालात नापास झालो. एन-५ ही पाच पातळ्यांपैकी सर्वांत सोपी. माझ्या वर्गातील कॉलेजची मुले ती हसत-खेळत पार करतात, त्यामुळे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आपण तीत नापास झालो, हे घरी सांगणे मला जड गेले. अधिक बोचणारी गोष्ट अशी, की एकूण गुण कमी नव्हते. १८० पैकी ८० गुण मिळाले की ही पातळी पार होते आणि मला ९७ होते. मात्र भाषाज्ञान व वाचन यांच्या १२० गुणांपैकी किमान ३८ आणि श्रवणाच्या ६० गुणांपैकी किमान १९ मिळवावेच लागतात. पहिल्या भागात मला ८१ होते, श्रवणात १६. हे गुण म्हणजे बरोबर उत्तरांची साधी बेरीज नसते, ते एका समान मापावर आणून दिलेले असतात. त्यामुळे तीन गुणांनी गेलो म्हणजे नेमके किती प्रश्न चुकलो, हेही मला कळेना.

मी चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे येणाऱ्या काही पेट्यांवर जपानी लिपीतील चिठ्ठ्या असतात आणि वर्षातून दोन-तीनदा जपानी इंजिनियर येऊन जातात. प्रत्येक वेळी दुभाष्याची वाट पाहत उभे राहण्याचा कंटाळा आला म्हणून मी रविवारच्या सकाळच्या वर्गात नाव घातले. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमतरता नाही, त्यामुळे वर्ग मिळायला अडचण आली नाही. वर्गातील मुले मला काका म्हणत आणि आम्ही सगळे शिकवणाऱ्या बाईंना जपानी रीतीप्रमाणे ‘सेन्सेइ’ म्हणत असू.

सुरुवात इतकी सोपी गेली, की तेथेच माझा घात झाला असे आता वाटते. हिरागाना या लिपीची मूळ ४६ अक्षरे पाठ करायची होती. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढच्या ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा येतात. ‘च’ च्या जागी ‘स’ आणि ‘प’ च्या जागी ‘ह’ आहे असे समजले, तर ही आपली वर्णमालाच आहे. सेन्सेइंनी सांगितले, की बौद्ध भिक्षूंनी संस्कृत ग्रंथांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम तेथे रुजला, आणि ‘ह’ चा उच्चार जुन्या जपानीत ‘प’ च होता. इतर भाषिकांना गाणी म्हणून पाठ करावा लागणारा तक्ता मी दोन दिवसांत पाठ केला.

व्याकरणातही मराठी अशीच मदतीला धावली. ‘वाताशि वा माइनिचि बासु दे काइशा ए इकिमासु’ या वाक्याचे शब्द ओळीने मराठीत मांडले तर ‘मी रोज बसने कंपनीला जातो’ असे वाक्य तयार होते. क्रम तोच, प्रत्ययही शब्दाच्या मागेच, ‘बासु’ ला लागलेला ‘दे’ म्हणजे आपला ‘ने’. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. परीक्षेत एक प्रश्नप्रकार असतो, ज्यात वाक्याचे चार विस्कळीत तुकडे जुळवून तारांकित रिकाम्या जागी कोणता तुकडा येईल ते ओळखायचे असते. ते मी मनात मराठी वाक्य रचून सोडवत असे आणि क्वचितच चुकत असे.

जेथे चुकत असे, तेथेही मराठीच कारण होती. आपण ‘काल थंड होते’ म्हणतो, म्हणून मी ‘सामुइ देशिता’ असे लिहिले; जपानीत अशा विशेषणांबाबत भूतकाळ क्रियापदाऐवजी विशेषणालाच लागतो आणि ‘सामुकात्ता देस’ म्हणावे लागते. ‘आहे’ या आपल्या एका क्रियापदाच्या जागी तेथे दोन आहेत, माणसा-प्राण्यांसाठी ‘इमासु’ आणि वस्तू व झाडांसाठी ‘आरिमासु’. हा फरक अंगवळणी पडावा म्हणून मी सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात, जे ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारले आहे, फेऱ्या मारत दिसेल त्या वस्तूला क्रियापद लावत असे : दगड आरिमासु, पूल आरिमासु, आजोबा इमासु. ‘बागेत आहे’ यातील ‘त’ साठी ‘नि’ आणि ‘बागेत खेळतो’ यातील ‘त’ साठी ‘दे’, हा भेद तर मला अजूनही क्षणभर थांबूनच आठवतो.

मुख्य चूक मात्र वेगळीच होती आणि ती नापास होईपर्यंत लक्षात आली नाही. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक नव्या शब्दावर मी पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहून ठेवत असे. निकालानंतर मी ते पुस्तक घेऊन सेन्सेइंकडे गेलो. त्यांनी पंधराएक पाने उलटली, एका पानावर बोट ठेवून ‘हे वाचा’ म्हणाल्या. मी ‘कोको’ असे वाचले. आणखी एका पानावरचा शब्दही मी ‘कोको’ असाच लिहिला होता. पहिल्याचा अर्थ ‘येथे’ आणि दुसऱ्याचा ‘उच्च माध्यमिक शाळा’. दुसऱ्या शब्दातील दोन्ही ‘को’ दुप्पट लांब आहेत. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. माझ्या पुस्तकात दोघी एकच होत्या. आपल्या ‘ए’ आणि ‘ओ’ यांना ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नाही, आणि जपानी ऱ्हस्व ‘आ’ आपल्या ‘अ’ पेक्षा ‘आ’ सारखा ऐकू येतो, म्हणून आपण तो काना देऊन लिहितो. मग खरोखर दीर्घ असलेल्या ‘आ’ साठी काही उरतच नाही. राहिले ‘इ’ आणि ‘उ’. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ लिहिता येतात खरे, पण बोलताना आपण तो भेद फारसा पाळत नाही, म्हणून काका असलेला ‘ओजिसान’ आणि आजोबा असलेला ‘ओजीसान’ लिहिताना वेगळे आणि माझ्या तोंडी एकच होते.

“अहो, तुम्ही दीड वर्ष जपानी शिकलाच नाहीत, देवनागरी वाचत होतात,” सेन्सेइ म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी खोडरबर घेऊन सगळे पुस्तक पुसून काढले. दोन तास लागले आणि काही पाने फाटली.

उपाय त्यांनीच सुचवला आणि तो मला शाळेतून ओळखीचा होता. वृत्ते शिकताना आपण लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरु अक्षराच्या दोन मात्रा मोजत असू. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर आघात आल्यास गुरु, अनुस्वार असलेले अक्षर गुरु. जपानी भाषेचा ठेका जवळपास असाच मात्रांवर चालतो. ‘टोकियो’ असे आपण म्हणतो ते ‘तो-ओ-क्यो-ओ’ असे चार मात्रांचे आहे. ‘किते’ (येऊन) दोन मात्रांचे, तर ‘कित्ते’ (टपालाचे तिकीट) तीन मात्रांचे, कारण द्वित्वासाठी थांबण्याची एक मात्रा धरतात. ‘निहोन’ मधील ‘न’ लाही त्याची स्वतःची मात्रा मिळते, म्हणून तो शब्द तीन मात्रांचा. मी मांडीवर बोटाने ठोके देत शब्द म्हणू लागलो. कंपनीच्या बसमध्ये जाताना-येताना कानात ध्वनिमुद्रण लावायचे आणि बोलणाऱ्याच्या अर्धे पाऊल मागे राहून ओठांतल्या ओठांत तेच बोलायचे, हा क्रम फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मी चुकवला नाही. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला काही दिवस मी जप करतो असे वाटत होते.

सर्वांत जास्त दमवले ते तारखांनी. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांना साध्या आकड्यांशी फारसे नाते नसलेली नावे आहेत : त्सुइताचि, फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योओका, कोकोनोका, तोओका. यातील चार तारखेची ‘योक्का’ आणि आठ तारखेची ‘योओका’ दोन्ही तीन मात्रांच्या, त्यामुळे नुसते ठोके मोजून भागत नाही. मधल्या मात्रेत आवाज बंद होतो की चालू राहतो, तेवढेच ऐकायचे असते. डिसेंबरच्या परीक्षेत एका संवादात तारीख आली, तेव्हा मी या दोघींत अडकलो आणि विचार करत बसल्याने पुढचा संपूर्ण संवाद माझ्या कानावरून गेला. ध्वनिमुद्रण एकदाच वाजते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे ठाऊक असूनही मी दोन गोल कोरे सोडून आलो होतो.

कांजी, म्हणजे चिनी चिन्हे, यांबद्दल लोक उगाच घाबरवतात. या पातळीला साधारण शंभर चिन्हे येतात असे धरून अभ्यास केला तरी चालते, आणि ती लिहायची नसून केवळ ओळखायची असतात. मला त्यांत गोडी लागली ती वारांमुळे. जपानी वारांची चिन्हे रविवारपासून ओळीने सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, झाड, सोने आणि माती अशी आहेत. मंगळ हा तेथे अग्नीचा तारा, बुध पाण्याचा, गुरु झाडाचा, शुक्र सोन्याचा आणि शनि मातीचा. म्हणजे वार आपलेच. काताकाना या दुसऱ्या लिपीने मात्र छळले, कारण तिच्यातील ‘शि’ आणि ‘त्सु’ यांत फटकाऱ्यांच्या कलाखेरीज फरक दिसत नाही. तीत लिहिलेला ‘पान’ हा शब्द पावासाठी आहे आणि आपल्या ‘पाव’ प्रमाणे तोही पोर्तुगिजांनीच दिलेला, हे कळल्यावर तो कधी विसरलो नाही.

७ जुलै २०२४ च्या रविवारी मी पुन्हा परीक्षेला बसलो. प्रवेशपत्र, तीन टोकदार पेन्सिली, खोडरबर, आणि शाळकरी मुलांच्या बाकात कसेबसे मावणारे गुडघे. शब्दसंग्रहाला २० मिनिटे, व्याकरण व वाचनाला ४०, आणि मध्ये विश्रांती घेऊन श्रवणाला ३०. श्रवण सुरू होण्याआधी पाऊस कोसळू लागला, तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी न सांगता खिडक्या लावून पंखे बंद केले. त्यांचे मी मनोमन आभार मानले. या वेळी मी स्वतःशी एकच नियम ठरवला होता : पुढचा प्रश्न वाजू लागला, की मागच्या प्रश्नावर हाताला येईल तो गोल भरायचा आणि त्याचे नाव काढायचे नाही. संवादाआधी प्रश्न एकदा ऐकवतात आणि संवादानंतर पुन्हा, त्यामुळे नेमके काय टिपायचे हे आधीच कळते. डिसेंबरमध्ये मी ती पहिली वेळ सूचना समजून वाया घालवली होती. शेवटच्या प्रकारात प्रश्नपत्रिकेवर काहीच छापलेले नसते, एक वाक्य आणि तीन उत्तरे केवळ ऐकायची असतात. तेथे मी डोळे मिटून बसलो.

ऑगस्टच्या अखेरीस निकाल लागला. पहिल्या भागात ८४, श्रवणात ३८, एकूण १२२. वर्गातील मुलांनी ‘काका, पार्टी’ म्हणून गलका केला आणि मी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

दिवाळीनंतर कारखान्यात एक जपानी इंजिनियर आले होते. दुभाषी जेवायला गेली होती आणि त्यांना मला पुढच्या मालाची तारीख सांगायची होती. त्यांनी सांगितली. मी टेबलावर बोटाने तीन ठोके दिले आणि तरीही खात्री वाटेना म्हणून विचारले, “योक्का देस का, योओका देस का?” ते हसले, आणि त्यांनी हाताची चार बोटे वर केली.