मध्यरेषा चुकली तो दिवस

जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन त्यांचे नकाशे काढणे हा माझा इंग्लंडमधला व्यवसाय आहे. आधी मध्यरेषा आखायची आणि मग दोन्ही अंगांची मापे तिच्याशी जोडत जायची, ही पुण्यात वाड्यांचे खण मोजताना हाताला लागलेली सवय. याच सवयीपायी इप्सविच येथील युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मीटिंग हाउसमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, माझी एक अख्खी सकाळ वाया गेली.

फ्रायर्स स्ट्रीटवरची ही वास्तू लाकडी सांगाड्याची असून तिला बाहेरून गिलावा आहे. शेजारी नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेली, 1975 साली पुरी झालेली विलिस इमारत आहे. तिच्या वळणदार काळसर काचांत या प्रार्थनागृहाचे प्रतिबिंब वाकडेतिकडे होऊन पडते. काच वरून टांगलेली आणि लाकूड जमिनीवर उभे, असा हा शेजार मला वास्तुरचनेच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा बोलका वाटला. पण मी मोजायला आलो होतो, पाहत राहायला नव्हे.

आत शिरताच मी नेहमीच्या चर्चप्रमाणे इमारतीच्या लांबीच्या दिशेने मध्यरेषा आखली आणि टोकाला वेदी कुठे आहे ते शोधू लागलो. वेदी नव्हतीच. लेझर मीटरने दोन तास मापे घेतल्यावर कागदावर विचित्र चित्र उमटले: बाकांच्या रांगा माझ्या रेषेकडे पाठ किंवा खांदा करून बसल्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या खोलीतली सर्वांत देखणी वस्तू, नक्षीकाम केलेले प्रवचनपीठ, लांब भिंतीच्या मधोमध उभे होते. मग लक्षात आले की चूक मीटरची नव्हती. ही खोली वेदीकडे चालत जाण्यासाठी बांधलेलीच नाही. बोलणाऱ्याचा आवाज तिन्ही बाजूंच्या सज्जांपर्यंत सारखा पोहोचावा, एवढ्याच हेतूने तिची आखणी झाली आहे.

बांधणाऱ्यांची पार्श्वभूमी पाहिली म्हणजे यात नवल वाटत नाही. 1662 च्या कायद्याने राजमान्य प्रार्थनापुस्तक जसेच्या तसे स्वीकारण्यास नकार देणाऱ्या सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांना आपली पदे सोडावी लागली. त्यानंतरच्या कायद्यांनी त्यांच्या सभांवर बंदी आणली आणि आपल्या जुन्या गावापासून पाच मैलांच्या आत येण्यासही मज्जाव केला. 1689 च्या सहिष्णुता कायद्याने नोंदणी करून जाहीरपणे जमण्याची मुभा दिली. त्यानंतर दहा वर्षांनी, 1699 मध्ये, जोसेफ क्लार्क या सुताराने ही वास्तू उभारायला घेतली. 26 एप्रिल 1700 रोजी तिच्या उद्घाटनाचे प्रवचन जॉन फेअरफॅक्स यांनी केले. ते स्वतः 1662 मध्ये पद गमावलेल्यांपैकी होते आणि उद्घाटनाच्याच वर्षी, 1700 मध्ये, त्यांचे निधन झाले. वास्तू सुताराच्या हातची असल्याचे आत पदोपदी जाणवते. चार भले मोठे लाकडी खांब माथ्याचा भार पेलतात. ते जहाजांच्या डोलकाठ्यांचे असावेत, अशी गावात आख्यायिका आहे. बंदराचे गाव म्हटल्यावर अशी आख्यायिका निघणारच, म्हणून मी ती नोंदवहीत आख्यायिका म्हणूनच लिहिली. ‘रॉबिन्सन क्रूसो’चे लेखक डॅनियल डिफो यांनी मात्र, लंडन धरूनही, आपण पाहिलेल्या अशा वास्तूंमध्ये आतून सर्वांत उत्तम सजलेली हीच, असे लिहून ठेवले आहे.

दुपारी दाराचे मोजमाप घेताना त्यातले टेहळणीचे छोटे भोक दिसले. त्याला डोळा लावला की बाहेरचा एवढासा तुकडा दिसतो, आणि गार वाऱ्याने डोळ्यांत पाणी येते. 1689 च्या कायद्यात एक अट होती, ती मला इथे आठवली: सभा चालू असताना दाराला कुलूप, अडसर किंवा कडी असता कामा नये. म्हणजे दार उघडे ठेवायचे, पण बाहेर कोण येते यावर नजरही ठेवायची. मुभा मिळूनही धास्ती गेली नव्हती, ती अशी लाकडात कोरलेली राहिली. पुढे इथे जमणारी ही मंडळी त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत, नाकारून युनिटेरियन झाली. तो नाकारणाऱ्यांना तर कायद्याचे संरक्षण 1813 मध्ये मिळाले. मराठी वाचकाला हा पंथ अगदीच परका नाही, कारण प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात, याच परंपरेच्या विद्यालयात शिकले होते.

किल्ली घेऊन आलेल्या वयस्कर बाई दिवसभर माझी धावपळ मुकाट पाहत होत्या. मी पहिला कागद बाजूला सारून नवी रेषा प्रवचनपीठातून काढली, तेव्हा त्यांना हसू आले. त्या म्हणाल्या, “आता वर चढून बोलून पाहा. मी समोरच्या सज्जात बसते.” वर जाऊन मी नेहमीच्या आवाजात मापांची यादी वाचू लागलो, आणि आकडे मोजताना होते तसे नकळत मराठीत वाचले गेले. यादी संपल्यावर त्या सज्जाच्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, “शब्द न् शब्द ऐकू आला. कळला मात्र एकही नाही.”