रिकामे रकाने

सोमवार, रात्री

विकिपीडियावर एका भुंगेऱ्याचं पान आहे. पान कसलं, एकच वाक्य: नाव, कुळ, कुणी आणि कोणत्या साली वर्णन केलं, संपलं. वर्षानुवर्षं ते तसंच पडून होतं. आज ते हाती घेतलं.

जगात आतापर्यंत वर्णन झालेल्या प्रजाती साधारण २० लाख. त्यातले जवळपास ४ लाख नुसते भुंगेरे. सस्तन प्राणी साडेसहा हजारांच्या आसपास, पक्षी ११ हजारांच्या घरात. पण वाघ, सिंह, हत्ती यांच्या पानांवर संपादकांची वर्दळ असते आणि भुंगेऱ्यांच्या पानांवर शुकशुकाट. याचं मला आश्चर्य वाटत नाही. डोळ्यांत भरणाऱ्या प्राण्यावर माणसाचा जीव जडतो, आणि वाघाच्या पानावर एवढे लोक लक्ष ठेवून असतात म्हणून तर ते पान चांगलं राहतं. मला ओढ आहे ती उरलेल्यांची.

मूळ वर्णन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत सापडलं. २००६ साली सुरू झालेल्या या उपक्रमाने जुन्या निसर्ग-ग्रंथांची कोट्यवधी पानं स्कॅन करून सगळ्यांना फुकट खुली केली आहेत. आमच्यासारख्या हौशी संपादकांना हा केवढा आधार आहे! नाहीतर एकोणिसाव्या शतकातलं कीटकशास्त्राचं नियतकालिक बघायचं कुठे? पिवळ्या पडलेल्या पानावर लॅटिनमध्ये सात-आठ ओळी आहेत. रंग काळपट तपकिरी, पाठीवरच्या कडक पंखांवर बारीक खड्ड्यांच्या रांगा, शृंगिकेचं, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचं, टोक गाठीसारखं फुगलेलं, मग लांबी आणि नमुना मिळाला त्या प्रदेशाचं नाव. प्रदेशही एवढा मोठा की त्यात अख्खी जंगलं सामावतील.

एवढंच. तो काय खातो, अंडी कुठे घालतो, अळी कशी दिसते, दिवसा हिंडतो की रात्री, यावर एक अक्षर नाही. नंतरच्या याद्यांमध्ये त्याचं नाव येतं, पण नव्याने कुणी त्याला पाहिल्याची नोंद मला मिळाली नाही.

मोह होतो तो इथेच. त्याचे जवळचे नातलग मेलेल्या झाडांच्या सालीखाली राहतात आणि बुरशीवर जगतात. मग यानेही तसंच करायला काय हरकत आहे? ‘हा भुंगेरा सालीखाली राहतो आणि बुरशी खातो’ असं एक वाक्य टाकलं की पान कसं भरल्यासारखं दिसेल. ते बहुधा खरंही निघेल. पण बहुधा खरं आणि कुणीतरी पाहिलेलं यात फरक आहे, आणि विश्वकोशात कुणीतरी पाहिलेलंच लागतं. उद्या एखादी विद्यार्थिनी याच भुंगेऱ्यावर काम करायला निघाली आणि तिला इथे आयतं उत्तर मिळालं, तर जो प्रश्न कुणी विचारायलाच हवा होता तो ती विचारणार नाही.

म्हणून वर्णन लिहिलं, नमुना कुठल्या संग्रहालयात आहे ते लिहिलं, आणि नातलगांबद्दलची माहिती वंशाच्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाच्या, पानावर संदर्भासह टाकली. आहाराचा रकाना रिकामा ठेवला. चार ओळी वाढल्या, पण चारही अशा की कुणीही अनोळखी माणूस उठून तपासू शकेल.

मंगळवार

चिमणीच्या पानावर कुणीतरी शास्त्रीय नावापुढच्या ‘लिनियस, १७५८’चा कंस काढून टाकला होता. चांगल्या मनानेच काढला असणार, उगाच आलेला दिसतो म्हणून. पण त्या कंसाला अर्थ आहे. लिनियस या अठराव्या शतकातल्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने चिमणीला फ्रिंजिला वंशात घातलं होतं, पुढे ती पॅसर वंशात गेली. प्राणिशास्त्रात प्रजाती मूळ वंशातून हलली की पहिल्या वर्णनकर्त्याचं नाव कंसात जातं. वाघाचंही तसंच: फेलिसचा पॅन्थेरा झाला आणि लिनियस कंसात गेला. एका कंसात केवढा प्रवास मावतो! कंस परत घातला आणि चर्चापानावर सविस्तर कारण लिहिलं. नुसतं उलटवून निघून जाणं मला पटत नाही. समोरचा माणूस शिकायला आलेला असू शकतो.

संध्याकाळी मोरसची भानगड निस्तरली. मोरस म्हणजे तुती. आणि मोरस म्हणजेच गॅनेट, मासे पकडायला उंचावरून समुद्रात सूर मारणारे मोठे पांढरे पक्षी. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या नावांची नियमावली वेगवेगळी असल्याने एकच वंशनाम दोन्हीकडे चालतं. माणूस गोंधळत नाही, पण नाव जुळवून माहिती ओढणारा सांगकाम्या, म्हणजे आपोआप संपादन करणारा प्रोग्राम (बॉट), हमखास गोंधळतो. एका पानावर पक्ष्याच्या जीवचौकटीत (पानाच्या कडेला नाव-कुळ-चित्र दाखवणाऱ्या चौकटीत) तुतीच्या पानांचं चित्र येऊन बसलं होतं. विकिपीडियाच्या पानांना माहिती पुरवणाऱ्या विकिडेटावरचा दुवा बदलला आणि पक्षी आपल्या जागी आला.

एकाच नियमावलीत मात्र असं चालत नाही. जॉर्ज शॉ यांनी १७९९ साली ऑस्ट्रेलियातल्या त्या चोचवाल्या सस्तन प्राण्याला प्लॅटिपस हे वंशनाम दिलं. पण ते नाव १७९३ पासून भुंगेऱ्यांच्या एका वंशाकडे होतं. म्हणून त्या प्राण्याचा वंश ऑर्निथोऱ्हिंकस झाला आणि भुंगेरा आजही प्लॅटिपसच आहे. कालच्या माझ्या भुंगेऱ्यासाठी हे वाचून फार बरं वाटलं.

बुधवार

बाभळीच्या पानावर पुन्हा तोच वाद. शास्त्रीय नाव अकेशिया निलोटिका की वॅशेलिया निलोटिका? जुनं नाव मनात रुजलेल्या सदस्यांना वाटतं की कुणीतरी हौसेने नाव बदललंय. तसं नाही. जुना अकेशिया वंश एकसंध नाही, त्याचे तुकडे करावे लागणार, हे स्पष्ट झालं तेव्हा अकेशिया हे नाव कोणत्या तुकड्याकडे ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या सुमारे १००० प्रजातींच्या मोठ्या गटाला मिळालं आणि २०११ साली मेलबर्नला ते कायम झालं. आफ्रिका-आशियातल्या बऱ्याच प्रजाती वॅशेलिया आणि सेनेगालियात गेल्या. बाभूळ पहिल्यात, खैर दुसऱ्यात. लोकांनी यावर मनापासून भांडणं केली, आणि मला ती भांडणं समजतात. आयुष्यभर एका नावाने ओळखलेलं झाड कुणी परिषदेत बसून दुसऱ्या नावाने हाक मारायला सांगितलं, तर सल राहणारच.

पण संपादकाने बाजू घ्यायची नसते. लिनियसने १७५३ साली याच झाडाला मिमोसा निलोटिका म्हटलं होतं. तेव्हा पानावर तिन्ही नावं हवीत, कोणतं कधी आणि का, हे हवं, आणि जुन्या नावांवरून नव्या पानाकडे पुनर्निर्देशन हवं. हातात चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक घेऊन बसलेला वाचक अकेशियाच शोधणार. त्याला रित्या हाताने परत पाठवायचं नाही.

गुरुवार

आज फार वेळ नव्हता. पहाऱ्याच्या सूचीत (मी लक्ष ठेवून असलेल्या पानांच्या यादीत) एका वनस्पतीच्या पानावर ‘औषधी उपयोग’ या मथळ्याखाली मोठी भर पडलेली दिसली: मधुमेह, सांधेदुखी, मूतखडा, सगळं बरं होतं म्हणे. संदर्भ एकही नाही. मी ते हटवलं. लोक कुठल्या कुठल्या दुखण्यावर ही झाडं वापरत आले, हे नोंदवणं मोलाचं आहे, पण ‘वापरतात’ आणि ‘बरं होतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. ‘बरं होतं’ म्हणायला वैद्यकीय पुरावा लागतो. आजारी माणूस ही पानं रात्री-अपरात्री वाचत असतो, त्यामुळे इथे मला तडजोड करवत नाही.

शुक्रवार

आजचा दिवस कोळ्याचा.

एका कोळ्याच्या पानाला चित्र नव्हतं. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोक आपल्याला दिसलेल्या जिवांचे फोटो आणि नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर, एकाने काढलेला अप्रतिम फोटो मिळाला: मादी, अंड्यांची रेशमी पिशवी पोटाशी धरलेली, आठही डोळ्यांत उजेड. अडचण परवान्याची. तिथे आपोआप लागू होणारा परवाना व्यावसायिक वापराला मनाई करणारा असतो, आणि विकिपीडियाची चित्रं जिथे साठवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर तसा फोटो चालत नाही. तिथे कुणालाही, कशासाठीही वापरता येईल असंच चित्र लागतं. छायाचित्रकाराला निरोप पाठवला. हे कशासाठी, नाव कुठे दिसेल, परवाना बदलला की नक्की काय बदलतं, सगळं नीट सांगितलं. दुपारपर्यंत त्यांनी परवाना बदलला होता. अनोळखी माणसं किती सहज देतात, याने दर वेळी मन भरून येतं.

चित्र चढवलं आणि तासाभरात कोळ्यांवर काम करणाऱ्या एका सदस्याचा चर्चापानावर संदेश आला. या वंशातल्या प्रजाती दिसायला जवळजवळ सारख्या. नक्की कोणती हे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. फोटोवरून वंशापर्यंतच जाता येतं. आयनॅचरलिस्टवर त्या नोंदीला दोघांनी प्रजातीचं नाव देऊन दुजोरा दिला होता. पण तिथे जमतं ते मतांचं एकमत, आणि डोळ्यांना जो फरक दिसतच नाही त्यावर कितीही जण एकमत झाले तरी पुरावा वाढत नाही.

थोडा वेळ मी त्या चित्राकडे बघत बसले. एवढं देखणं चित्र! पण प्रजातीच्या पानावर ते बसलं असतं तर तिथून शोधयंत्रांत, तिथून शाळेच्या प्रकल्पांत, तिथून इतर भाषांतल्या पानांवर गेलं असतं, आणि मग हाच त्या कोळ्याचा चेहरा ठरला असता. शेवटी चित्र वंशाच्या पानावर लावलं, खाली ‘प्रजाती अनिश्चित’ अशी ओळ लिहिली, आणि प्रजातीचं पान बिनचित्राचंच ठेवलं. छायाचित्रकाराला कळवताना जरा जड गेलं. त्यांचं उत्तर आलं, ‘वंशाचं पान तर जास्त लोक बघतील.’ सोबत आणखी दोन फोटोंचे परवाने बदलल्याचा निरोप.

शनिवार

भरणा करण्याच्या घाईचं एक उदाहरण मी नव्या सदस्यांना नेहमी सांगते. २००८ साली एका विद्यार्थ्याने कोआटीच्या इंग्रजी पानावर, ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात’ असं मनाचं वाक्य घातलं. कोआटी रॅकूनच्या कुळातला, आर्डवार्क आफ्रिकेतला, दोघांचा काडीचा संबंध नाही. पण वाक्य टिकलं. वृत्तपत्रांनी उचललं, पुस्तकांत गेलं, आणि मग तेच लेख त्या वाक्याला संदर्भ म्हणून जोडले गेले. २०१४ साली प्रकरण उघडकीस आलं. सहा वर्षांत एक खोटं नाव जवळजवळ खरं होत आलं होतं. कमी लोक बघतात अशा पानांवर असं वाक्य आणखी निर्धास्तपणे राहतं.

याच्याशी जोडून दुसरा प्रश्न, सांगकाम्यांनी बनवलेल्या पानांचा. स्वीडनच्या स्वेर्कर योहान्सन यांच्या एल्सजेबॉट या सांगकाम्याने स्वीडिश आणि फिलिपिन्समधल्या सेबुआनो आणि वाराय या भाषांच्या विकिपीडियांवर लाखो पानं तयार केली, त्यातली फार मोठी संख्या जीवसृष्टीची. याला नुसता आकड्यांचा फुगवटा म्हणणारे आहेत. मला ते टोकाचं वाटतं. नाव, कुळ आणि एक संदर्भ असलेलं पान म्हणजे निदान त्या जिवाला पत्ता मिळाला. पण मूळ यादीतली चूक त्यात जशीच्या तशी उतरते आणि ती बघायला पुरेसे डोळे नसतात. लाख पानं आणि ती सांभाळणारी मूठभर माणसं, हे गणित मला झेपत नाही. मला सावकाश वाढणारी पानं बरी वाटतात.

दुपारनंतर संवर्धन-स्थितीचे रकाने तपासले. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची धोक्यातल्या जिवांची लाल यादी १९६४ पासून आहे आणि आजवर दीड लाखांहून अधिक प्रजातींचं मूल्यांकन झालं आहे. २० लाखांपैकी दीड लाख! कीटक, बुरशी, वनस्पती यांतल्या बहुतेकांकडे अजून कुणी वळलेलंच नाही. इथे तीन गोष्टींची सरमिसळ वारंवार दिसते. ‘मूल्यांकन झालेलं नाही’ म्हणजे कुणी तपासलंच नाही. ‘अपुरी माहिती’ म्हणजे तपासलं, पण ठरवता येईल एवढं हाती नव्हतं. ‘कमी चिंताजनक’ म्हणजे तपासलं आणि सध्या फार धोका दिसला नाही. पहिल्याच्या जागी तिसरं लिहिलं तर ज्या जिवाची कुणी चौकशीच केली नाही तो सुखरूप असल्याचं प्रमाणपत्र आपण देऊन टाकतो. आज अशा बऱ्याच पानांवरचा तो शेरा काढला. संदर्भ कुठेच नव्हता.

रविवार

एका नव्या सदस्येने चर्चापानावर विचारलं आहे की प्राणी-वनस्पतींवर लिहायची इच्छा आहे, सुरुवात कुठून करू. मी तिला लिहिलं की एखादं लहानसं कुळ निवड, त्यातल्या सगळ्या पानांवरून एकदा फिरून ये, आणि नवं पान काढण्याआधी आहे त्या पानांवरच्या प्रत्येक वाक्याचा संदर्भ उघडून बघ. दुवा मेलेला असेल तर जुनी प्रत शोध. संदर्भात ते वाक्य नसेलच तर चर्चापानावर विचार, थोडं थांब, मग काढ.

तिने शेवाळांचं एक कुळ निवडलं. शेवाळं! माझ्या ओळखीत त्यांच्यावर लिहिणारं कुणीच नाही. संध्याकाळी तिचा पहिला प्रश्न आला: एका प्रजातीच्या पानावर ‘ओलसर खडकांवर आढळते’ असं लिहिलंय, पण संदर्भात फक्त नाव आणि वर्ष आहे, खडकांचा उल्लेखच नाही. काय करू?

बीजाणूधारी वनस्पतींची माहिती असलेल्या दोन जुन्या सदस्यांना तिच्या चर्चापानावर बोलावलं आहे. मूळ वर्णन जर्मनमध्ये आहे. त्यातल्या एकाला जर्मन येतं, तो उद्या बघून सांगणार आहे की खडकांची गोष्ट त्यात कुठे येते का.