आँटींचं नामांकन

कॅरिबियन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या पुरस्कारांपैकी एक फ्रान्झ फॅनन यांच्या नावाने, आयुष्यभराच्या कामासाठी दिला जातो. फॅनन मार्टिनिकचे मनोविकारतज्ज्ञ. अल्जीरियात ब्लिदाच्या इस्पितळात नोकरीला होते, १९५६ मध्ये राजीनामा देऊन स्वातंत्र्यलढ्यात गेले. त्यांच्या नावाच्या पुरस्कारासाठी चळवळीतल्या माणसाचं नाव पाठवायला काय हरकत आहे, असं म्हणत आम्ही चौघा-पाचजणांनी लंडनमधल्या एका त्रिनिदादच्या बाईंचं नामांकन करायचं ठरवलं. पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मूळची सोलापूरची. कॅरिबियन विचारांशी माझी ओळख त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांच्या क्रिकेटवरच्या पुस्तकामुळे झाली, हे मराठी माणसाला नवल वाटू नये.

बाईंना सगळे आँटी म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, नावावर एकही पुस्तक नाही. साठ-सत्तरच्या दशकांत लंडनमध्ये वेस्ट इंडियन मुलांना सर्रास ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत टाकत. ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोअर्ड यांनी १९७१ मध्ये एका पुस्तिकेत हे चव्हाट्यावर आणलं. जॉन ला रोझ यांच्या न्यू बीकन या प्रकाशनसंस्थेने ती छापली. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून शनिवारच्या शाळा काढल्या, तशा एका शाळेत आँटी शिकवायच्या.

त्यांच्याकडे कामाची यादी मागितली तर म्हणाल्या, “बाळा, मी शिकवलं. तेवढंच लिही की!”

तेवढ्यावर कोण पुरस्कार देणार? मग त्यांच्या कपाटातला बिस्किटांचा डबा उघडला. भाड्याच्या पावत्या, सभांची इतिवृत्तं, आणि खाली सायक्लोस्टाइल केलेली, कडा पिवळ्या पडलेली एक प्रश्नपत्रिका. दुसरा प्रश्न: तुझी आजी बोलते ती भाषा चुकीची आहे का? असेल, तर ते कुणी ठरवलं? खाली पोरांसाठी चार रेघा सोडलेल्या. घरी क्रिओल, म्हणजे कॅरिबियन बेटांवरची मिश्र बोली, बोलणाऱ्या मुलांना त्याच बोलण्यावरून मागास ठरवलं जात होतं, त्या काळातला हा प्रश्न! मी पत्राची सुरुवात तिथूनच केली. आमच्यातल्या एका प्राध्यापकांना पहिल्या परिच्छेदात फॅनन यांची अवतरणं हवी होती. मी काढून टाकली. थोडी कुरबुर झाली.

खरा वैताग आणला पाठिंब्याच्या पत्रांनी. पत्रं भराभर आली आणि सगळी आपल्याकडच्या मानपत्रांसारखी: तळमळ, निष्ठा, निरपेक्ष सेवा. शाल-श्रीफळ तेवढं राहिलं होतं! सेवाभावी बाई म्हणून गौरव करणं सोपं असतं, त्यात त्यांचं म्हणणं काय होतं ते वाचावंही लागत नाही. मी सगळी पत्रं परत पाठवली आणि एकच विचारलं: आँटींचा कोणता विचार तुम्ही घेतलात, आणि कुठे वापरलात? दोघांनी नंतर उत्तरच दिलं नाही. बाकीच्यांनी मात्र मन लावून लिहिलं.

चळवळीतल्या माणसाची कागदावर काय नोंद होते याचा नमुना म्हणजे वॉल्टर रॉडनी. जमैकात विद्यापीठाबाहेर, वस्त्यांमध्ये जाऊन आफ्रिकेचा इतिहास सांगणारा हा इतिहासकार. १९६८ मध्ये जमैकाने त्यांना प्रवेश नाकारला, १९८० मध्ये मायदेशी, गयानाची राजधानी जॉर्जटाउनला, बॉम्बस्फोटात त्यांचा बळी गेला. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला होता ‘बेकार’. तिथे ‘प्राध्यापक’ अशी दुरुस्ती करण्याचं गयाना सरकारने जाहीर केलं ते २०२१ मध्ये.

नामांकन गेलं, पोच आली. त्या वर्षी निवड दुसऱ्यांची झाली, आणि ती नावं बघता तक्रारीला जागा नाही. आम्ही पुन्हा पाठवणार आहोत. आँटींच्या बरोबर शिकवणाऱ्या एक बाई बर्मिंगहॅमला असतात. फोनवर तासतासभर बोलतात, लिहून द्या म्हटलं की चष्मा सापडत नाही. आता रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडेच जायचं ठरवलंय.