येळवशीच्या दिवशी तेर

लातूरहून मुरूडमार्गे ढोकीला जाणारी एसटी त्या दुपारी गच्च भरली होती. दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या होती आणि लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात येळवशीला आपल्या रानात पोहोचत नाही असा माणूस विरळाच. त्यामुळे पुण्या-मुंबईकडून आलेली कुटुंबे, त्यांच्या मांडीवर पेंगणारी मुले आणि पायांशी जपून ठेवलेली आंबिलाची नवी मडकी यांनी गाडीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मी परभणीहून पहाटेच्या रेल्वेने निघाले होते. पिशवीत एक वही होती, एक पोस्टकार्ड होते आणि काड्यापेटीत कापसात गुंडाळलेला एक मणी होता.

पोस्टकार्डावर चारच ओळी होत्या. “पत्र पोचले. येळवशीला या. त्या दिवशी मी दिवसभर रानात असतो, निवांत बोलता येईल. पायात बूट असू द्या.” खाली सही. ही सही मी चार वर्षांपासून ओळखत होते, कारण बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका जुन्या अंकात त्यांचा लेख हाती लागला होता आणि लेखाखाली तीच सही छापलेली होती. लेखाचा विषय फार मोठा नव्हता. तेरच्या एका वावरात पहिल्या नांगरटीनंतर वर आलेल्या खापरांची ती नोंद होती. मात्र प्रत्येक खापरापुढे लिहिले होते: विहिरीच्या काठापासून किती पावले, कोणत्या दिशेला, नांगर किती खोल गेला होता, आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता की नाही. हे लिहिणारे गृहस्थ विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलीला पुरातत्त्व शिकता येईल, असे मला पहिल्यांदा वाटले ते तो लेख वाचून. त्याआधी हा विषय वेरूळ-अजिंठ्यासारख्या ठिकाणांचा आणि मोठ्या शहरांतल्या लोकांचा आहे, अशी माझी समजूत होती. आज मी एम. ए. करते आहे, त्याचे मूळ त्या आठ पानांत आहे.

त्या दिवशी ढोकीला मावशीकडे सामान टाकून मी मावसभावाच्या मोटारसायकलीवरून लगेच तेरला गेले, कारण सरांना भेटण्याआधी गाव डोळ्यांखालून गेलेले असावे असे मला वाटत होते. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक जाणणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचे नाव येते: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, एक फार मोठे नगर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड, असा माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जात असे. तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर अभ्यासकांमध्ये पुष्कळ वाद झाला. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे मांडले आणि पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी येथील मंदिरांचा वृत्तान्त लिहिला. पुढे १९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले.

त्रिविक्रम मंदिर मी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले. ते विटांचे आहे, मागची बाजू अर्धवर्तुळाकार वळलेली आणि वरचे छप्पर उपड्या होडीसारखे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची वास्तू असावे, असे अभ्यासक मानतात. मला तिथे सर्वांत जास्त वेळ थांबवले ते एका झिजलेल्या विटेने. तिच्या तुटक्या कडेवर बारीक लांबट खळगे होते, भाताच्या तुसाएवढे. चिखलात तूस मिसळायचे, भट्टीत ते जळून जाते आणि जागा पोकळ राहते, म्हणून वीट हलकी होते. वर्गात ऐकलेली ही गोष्ट बोटाच्या टोकाला लागली तेव्हा मला खरी वाटली.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून आणि शिवारातून जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंवर उभे राहिलेले संग्रहालयही त्याच दुपारी पाहिले. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीशी जिचे साम्य सांगतात, ती तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मी त्यात शोधत शोधत गाठली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेले. म्हणजे हस्तिदंत कोरणाऱ्यांची ही कला त्याआधीच समुद्रापार पोहोचलेली होती. काचेपुढे उभी राहून मी खिशातली काड्यापेटी चाचपत होते. माझाही मणी उद्या सर पाहतील, असे तेव्हा मनात होते.

येळवशीच्या सकाळी ढोकीचे रस्ते ओस पडले होते. दुकाने बंद, स्थानकावर दोन माणसे, आणि गावाबाहेर मात्र प्रत्येक वावरात माणसांची वर्दळ. मावसभावाने मला तेरच्या शिवारात सरांच्या धुऱ्यावर सोडले आणि तो आपल्या रानाकडे परतला. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली होती, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले होते, आणि सर आंबील शिंपडत पिकाला वेढा घालून नुकतेच परतत होते. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, डोक्याला उपरणे गुंडाळलेले. मी वाकून नमस्कार केला. चार वर्षे मनात घोळवलेली वाक्ये त्या क्षणी एकही आठवली नाहीत.

“तूच का ती परभणीची? चालत आलीस का? आधी पाणी पी.” पत्रातला ‘या’ तिथेच संपला आणि मला फार बरे वाटले.

पूजा आटोपेपर्यंत काकूंनी मला भाकरी थापणाऱ्या बायकांत बसवले. त्यानंतर सर म्हणाले, “जेवायला वेळ आहे, तोवर पांढर बघून येऊ.” आमच्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. जुनी वस्ती उठून गेली तरी राख, शेण, पडक्या भिंती आणि माणसांचा राबता यांनी झालेली ती फिकट माती तशीच राहते, आणि शेतकरी तिला पांढर म्हणून लांबूनच ओळखतात. सरांच्या वावराच्या दक्षिण कडेला काळ्या मातीचा रंग हळूहळू उतरत जातो, तिथे आम्ही गेलो.

त्यांनी मला चालायला शिकवले, असेच म्हणावे लागेल. पाच पावले जायचे, थांबायचे, ऊन पाठीवर नको, समोरून हवे. म्हणजे खापराची कड सावली टाकते. ज्वारीच्या दोन ओळींमधून मी त्यांच्या मागे चालत होते, आणि पहिली वीस मिनिटे मला मातीशिवाय काहीही दिसले नाही. नंतर दिसू लागले. एक काठाचा तुकडा होता, बाहेरून तांबडा आणि आतून काळाभोर. भांडे पालथे घालून भाजले की तोंडाच्या आत हवा पोचत नाही, म्हणून आतली बाजू काळी राहते, हे त्यांनी सांगितले आणि तो तुकडा न उचलता जागेवरच नखाने टिचकी मारून दाखवली. खणखणीत आवाज आला. शेजारच्या दुसऱ्या तुकड्याचा आवाज बद्द आला. गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या या गावात थापटण्याने संतांची डोकी मडक्यांसारखी पारखल्याची गोष्ट पोराटोरांना ठाऊक असते. सरांनी तिचा उल्लेखही केला नाही, पण टिचकीनंतर कान देऊन थांबण्याची त्यांची पद्धत पाहून मला तीच आठवली.

“उचलायचं नाही का?” मी विचारले.

“आधी लिहायचं. मग ठरवायचं उचलायचं का ते. मी शंभरातलं एखादंच उचलतो.”

त्यांनी खिशातून वही काढली. मी लेखात पाहिलेली ती पावले, दिशा, पाऊस, नांगरट यांची ओळ माझ्यासमोर लिहिली जात होती. अक्षर बारीक, शाळेच्या फळ्यावर लिहावे तसे सुटे सुटे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात वावराचे नाव होते. सर्व्हे नंबर त्याखाली.

मग मी काड्यापेटी उघडली. तो मणी मला दहा वर्षांची असताना मामाच्या गावी, गोदाकाठी, पावसाळ्यात सापडला होता. तांबूस अकीकाचा, हरभऱ्याच्या घाट्याएवढा. बारा वर्षे मी तो जपला, शाळेत दाखवला, परीक्षेला जाताना मुठीत धरला. सरांनी तो तळहातावर घेतला, उपरण्याच्या टोकाने पुसला आणि सूर्याकडे धरून एका डोळ्याने त्याच्या वेधातून पाहिले. “बघ,” म्हणाले. मी पाहिले. प्रकाशाची रेघ सरळ नव्हती. मधोमध ती किंचित मोडलेली होती. मणी करणाऱ्याने आधी एका बाजूने भोक पाडत मध्यापर्यंत आणले होते, मग मणी उलटा करून दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही वेध आत केसभर चुकून भेटले होते. बारा वर्षे हाताळलेल्या मण्यात एका माणसाच्या हाताची ही खूण होती आणि मी कधी त्यातून आरपार पाहिलेही नव्हते.

मला वाटले, आता ते काळ सांगतील, सातवाहनांचे नाव घेतील. त्यांनी विचारले, “कुठं सापडला?”

मी गावाचे नाव सांगितले.

“गाव नाही. कोणतं वावर? वस्तीकडून की नदीकडून? वाहून आला असंल की तिथलाच?”

मला सांगता येईना. पाऊस आठवत होता, आजीचे ओरडणे आठवत होते, जुन्या विहिरीजवळची एक चिंच आठवत होती. वावर आठवत नव्हते. त्यांच्या लेखाची पारायणे केलेल्या मुलीला आपल्याच मण्याचे ठिकाण सांगता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले आणि ते चेहऱ्यावर दिसले असावे. ते रागावले नाहीत. मणी काड्यापेटीत ठेवून पेटी माझ्या हातात देत म्हणाले, “मणी कुठंही मिळतो. तो कुठं पडला होता, हे एकदाच मिळतं.”

जेवताना यावर बोलणे झाले नाही. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर केळीच्या पानावर वाढलेली होती, आणि काकूंचा आग्रह मोडणे शक्य नव्हते. भज्जीतले सोललेले हरभरे आणि तुरीचे दाणे त्याच रानातले होते.

उन्हे कलल्यावर सर मला गावातून परत सोडायला निघाले आणि एका जुन्या गल्लीत थांबून त्यांनी माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या कडेकडे बोट दाखवले. माळवदावर पांढरी माती पसरतात, पाणी ती आत येऊ देत नाही. पिढ्यानपिढ्या ही माती गावाभोवतीच्या टेकाडांवरून आणली गेली. कडेच्या मातीतून खापराचे तुकडे डोकावत होते. “ही सगळी तगरची माती,” सर म्हणाले. “पण कोणत्या थराची, ते आता देवालाच ठाऊक. लोकांना घर शाकारायचं होतं, त्यांची चूक नाही. म्हणून मी जे उरलंय ते लिहून ठेवू लालोय.” कपाटात अशा एकतीस वह्या आहेत, असे त्यांनी माझ्या विचारण्यावरून सांगितले. त्या कोणाला देणार, असे मी विचारले नाही. तेवढे धैर्य मला झाले नाही, आणि तो प्रश्न विचारण्याचा अधिकार अजून माझा नाही असे मला वाटते.

निरोप घेताना त्यांनी पुन्हा वही उघडली आणि त्या दिवसाच्या पानावर माझ्या मण्याचीही ओळ लिहिली: अकीक, तांबूस, वेध दोन्ही बाजूंनी. त्यापुढे ‘ठिकाण’ असे लिहून बोटभर जागा कोरी सोडली. “कळलं की कार्ड टाक,” एवढेच म्हणाले.

ढोकीच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत मी मामाला फोन लावला. जुनी विहीर बुजली, असे तो म्हणाला, पण चिंच आहे. तिच्या पश्चिमेचे वावर आता चुलत मामाकडे आहे आणि त्यात ज्वारी उभी आहे, तेव्हा पिकातून हिंडता येणार नाही. सुगी उरकल्यावर ये, नांगरटीच्या आधी. मी स्थानकाच्या बाकावर बसून वहीत चिंच लिहिली, विहीर लिहिली, आणि त्यांच्यामधल्या पावलांसाठी जागा सोडली.