टर्बो बदलण्याआधी: ऑइल खाणाऱ्या गाडीचा माझा अनुभव

टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या डिझेल गाडीचा पिकअप गेला आणि त्याच सुमारास ऑइलही कमी व्हायला लागलं, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: टर्बो गेला, बदलून टाका. मलाही तेच मिळालं होतं, पाऊण लाखाच्या घरातल्या कोटेशनसकट. प्रत्यक्षात दुरुस्तीला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही खर्च आला नाही आणि टर्बो आजही कंपनीतून आलेलाच आहे. मधला सगळा शोध कसा लागला ते सविस्तर लिहितो. अशी गाडी दारात उभी असणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवं.

गाडी दीड लिटरची, बीएस-४ डिझेल, लाखभर किलोमीटर झालेली. रोजचं धावणं मनीषनगर ते सदर, म्हणजे इंजिन नीट तापतंय न तापतंय तोवर बंद. दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल डिपस्टिकच्या खालच्या खुणेला टेकू लागलं होतं. त्यात जामसावळीचं दर्शन करून पुढे छिंदवाड्याकडे निघालो, तर सिलेवानी घाटात गाडीने दमच सोडला. तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, तरी आरपीएमचा काटा अडीच हजाराच्या वर सरकेना. बॉनेटखालून शूऽऽ असा आवाज, मागे काळाकुट्ट धूर, आणि मग चेक इंजिनचा दिवा. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा सुरू केली तर काही वेळ बरी चालली. याला लिम्प मोड म्हणतात. हवेचा दाब हवा तेवढा मिळत नाही हे कॉम्प्युटरला कळलं की तो इंजिनची ताकद मुद्दाम कमी करतो, आणि गाडी बंद-चालू केली की पुन्हा एकदा संधी देऊन पाहतो.

धुराचा रंग इथे फार महत्त्वाचा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल पडतंय पण त्याला पुरेशी हवा नाही. माझ्याकडे चढावर काळा धूर होता, आणि सकाळी स्टार्ट करताना किंचित निळा. म्हणजे एकाच गाडीत दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या, आणि दोन्हींचा मेळ बसेल असं कारण शोधायचं होतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढला तर आत ऑइल. तिथेच निकाल लागला: टर्बोतलं ऑइल अडवणारी सील गेली, टर्बो बदला. टर्बोच्या शाफ्टला (फिरत्या दांड्याला) हात लावून पाहिला का, इंजिनात साठणारा दाब बाहेर सोडणारा ब्रीदर उघडला का, असं विचारलं तर समाधानकारक उत्तर मिळालं नाही. मला ते पटलं नाही. बूस्ट कमी हा कोड दाब कमी आहे एवढंच सांगतो; तो टर्बो कमी तयार करतोय की तयार झालेला दाब वाटेत गळतोय, हे सांगत नाही.

मग गाडी वाडीला नेली. अमरावती रोडच्या या पट्ट्यात ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, डिझेलवर हात बसलेली माणसं तिथे भेटतात. मेकॅनिकने कोटेशन वाचलं आणि बाजूला ठेवलं. “पाइपात ऑइल दिसलं म्हणजे टर्बोच गेला, असं नसते भाऊ. ते आलं काहून, ते पाहू न आधी.”

सुरुवात त्याने ऑइल मोजण्यापासून केली. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मगच डिपस्टिक. मापाने ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं, किलोमीटर लिहून ठेवले आणि गाडी रोजच्यासारखी चालवायला सांगितली, फक्त घाट आणि हायवे टाळून. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागणं चालतं असं लिहिलेलं असतं; माझी गाडी त्याच्याही पुढे होती. खाली गळती कुठेच नव्हती. म्हणजे ऑइल आतूनच जात होतं.

मग टर्बोचा हवेकडचा पाइप काढून त्याने मलाच शाफ्ट धरायला लावला. इंजिन अर्थातच बंद आणि थंड. आडवी हलकीशी हालचाल होती, ती असतेच. शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्यामुळे तेवढी फट ठेवलेलीच असते. आत-बाहेर ओढून पाहिलं तर काहीच हालचाल जाणवली नाही. पंख्याची पाती घराला घासल्याची खूण नव्हती. टर्बो ठीक होता.

यानंतरची चाचणी मी कधी विसरणार नाही. इंजिन सुरू ठेवून ऑइलच्या झाकणाच्या जागी त्याने रबरी हातमोजा ताणून बसवला. काही क्षणांत मोजा उभा राहिला आणि त्याची बोटं दुभत्या म्हशीच्या सडांसारखी ताठ झाली. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागात, दाब साठत होता. गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन. हे पिस्टन रिंग झिजल्याने होतं, नाहीतर ब्रीदर चोंदल्याने. पहिलं असेल तर इंजिन खोलावं लागतं, म्हणून मी धास्तावलो होतो. ग्लो प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे, मॅन्युअलच्या मर्यादेत. रिंगांवरचा संशय मिटला.

टॅपेट कव्हरवरचा ब्रीदरचा डबा उघडला तेव्हा आत पिवळट-काळा चिकट गाळ गच्च बसलेला. छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिनातला ओलावा उडून जात नाही, ऑइलच्या वाफेत मिसळून असा गाळ धरतो. आता सगळी साखळी जुळली. टर्बोची सील रबराची नसते, पिस्टन रिंगसारखी धातूची असते, आणि टर्बोतलं ऑइल चेंबरमध्ये परत येतं ते स्वतःच्या वजनाने. चेंबरमध्येच दाब असेल तर ते उतरत नाही. तुंबून सीलच्या बाजूने हवेच्या पाइपात शिरतं.

पण चढावरचा काळा धूर अजून सुटला नव्हता. त्यासाठी टर्बोच्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरने सुमारे एक बारचा दाब दिला आणि होज पाइपांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या खालच्या होजला, क्लिपच्या अगदी काठाशी, खालच्या बाजूने फेस उसळला. ऑइलमध्ये भिजून भिजून रबर फुगलं, मऊ पडलं आणि चिरलं होतं. उभ्या गाडीत ती चीर मिटलेली असायची; चढावर दाब वाढला की उघडायची.

नवा ब्रीदर, नवा होज, नव्या क्लिपा. इंटरकूलर काढून त्यातलं साचलेलं ऑइल ट्रेमध्ये निथळू दिलं, दाब मोजणारा सेन्सर साफ केला. इंटरकूलर साफ करणं टाळू नका. साचलेलं ऑइल एकदम इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडीत अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं.

ऑइलबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचंय. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, म्हणून “दाट ऑइल टाका, खाणं कमी होईल” असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मानू नका. दाट ऑइल स्टार्ट करताना टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, आणि मूळ कारण तसंच राहतं. मी मॅन्युअलमधलं ५डब्ल्यू-३०च भरलं.

हातमोजा पुन्हा लावला तेव्हा तो किंचित आत ओढला गेला, जसा जायला हवा. त्यानंतर एक अख्खं सर्व्हिसिंग उलटलं, ऑइल वर भरावं लागलेलं नाही, आणि कोड परत आलेला नाही.

याच क्रमाने पुढे बुटीबोरीच्या माझ्या साडूची गाडी तपासली. तिथे हातमोजा फुगला नाही, पण शाफ्ट आत-बाहेर चक्क हलत होता आणि पाती घासलेली होती. त्याचा टर्बो खरंच गेला होता. ऑइल आणणारा बारीक पाइप कार्बनने अर्धाअधिक बुजलेला सापडला, म्हणजे बेअरिंग ऑइलवाचून झिजलं होतं. त्याने टर्बोबरोबर तो पाइपही नवा घातला, इंटरकूलर धुऊन घेतला, आणि पहिल्या स्टार्टच्या आधी टर्बोच्या ऑइल येणाऱ्या तोंडात हाताने ऑइल भरून घेतलं.