ब्रेक धरत न्हाई की रे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो तेव्हाची गोष्ट. गणपती आठ दिवसांवर आले होते, ओव्हरटाइम जोरात होता. रात्रपाळीला पॉवर प्रेसवर येळ्ळूरचे एक मामा होते. पेडल सोडल्यावर वर थांबायला हवा तो रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा जड भाग, घसरून खाली आला आणि मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती: 'चिमटा न वापरता डायमध्ये हात घातला, कामगाराचा निष्काळजीपणा.' ओळ खोटी नव्हती. मामांनी डायमध्ये, म्हणजे रॅमखालच्या साच्यात, हात घातलाच होता.

पण चिमट्याचं तोंड वाकलेलं होतं, पीस त्यातून निसटायचा, आणि पीस तासावर मोजले जायचे. त्यामुळे हात घालणं त्या मशीनवर रोजचंच झालं होतं. हात आत जाऊ नये म्हणून असलेला गार्ड नवीन डाय बसवताना आड येतो म्हणून काढला होता, तो महिनाभर भिंतीला टेकून उभा. सुपरवायझर त्याच्यासमोरून दिवसातून दहादा जायचे. मीही जायचो.

आणि ब्रेक. पेडल सोडलं की क्लच सुटतो, मग रॅम हलवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या टोकाचा ब्रेक रॅमला वर धरून ठेवतो. त्याचं लायनर, म्हणजे घासून धरणारं अस्तर, झिजून रिव्हेट दिसायला लागले होते. मी रजिस्टरमध्ये दोनदा लिहिलं, लायनर आलं नाही. उत्पादन थांबू नये म्हणून शेवटी मी ब्रेकच्या स्प्रिंगचा नट दोन आटे आवळला. मशीन झकास चालू लागलं, लायनरचा विषय मागे पडला. माझ्या त्या दोन आट्यांमुळेच तो मागे पडला, हे मला फार उशिरा कळलं. आवळलेल्या स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक थंड असेपर्यंत धरायचा, चार-पाच तासांनी तापला की सोडायचा. त्या रात्री चहाच्या वेळी मामा म्हणाले होते, "आज ब्रेक धरत न्हाई की रे." मी म्हटलं, "सकाळी बघतो, मामा."

2 जून 2023 ला बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली. पावणेतीनशेहून जास्त माणसं गेली. ड्रायव्हरला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल होता, सांधा मात्र बाजूच्या लूप लाइनला वळलेला. चौकशीत निघालं ते सिग्नलच्या वायरिंगमधलं जुनं चुकीचं काम. फाटकाजवळच्या पेटीत वायरींवरच्या खुणाही चुकीच्या होत्या, आणि कित्येक वर्षं त्या कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. त्या वर्षांत तिथून रोज गाड्या सुखरूप गेल्या. ती बातमी वाचताना मला माझा नटच आठवत राहिला.

आता मी जिथे आहे तिथे प्रत्येक प्रेसच्या क्रँकवर थांबण्याच्या जागेची पांढऱ्या रंगाची खूण केलीय. पाळी सुरू होताना एकदा आणि जेवणानंतर, मशीन तापल्यावर, पुन्हा एकदा बघतो. रॅम खुणेच्या पुढे गेला तर मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

गेल्या वर्षी मामा गणपत गल्लीत भेटले. रस्त्याच्या कडेला उभं राहूनच मी त्यांना नटाचं सगळं सांगितलं, इतक्या वर्षांनी. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवी डाव्या हातात घेत म्हणाले, "तुजं काय रे त्यात? हात मीच घाटलो नव्हं?"