बी साईड राहिली

शनिवार, रात्री साडेअकरा

आज संध्याकाळी लेक तोंड पाडून बसली होती. परीक्षेचं काही असेल म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आई, तो व्हायरल झाला." तो म्हणजे कुणीतरी गिटारवाला मुलगा, खोलीत बसून गाणी करतो, हिच्या फोनमध्ये वर्षभर वाजतोय. आता त्याच्या गाण्याचा तुकडा सगळ्यांच्या रीलवर. वर्गातल्या ज्या मुलीशी हिचं पटत नाही, तिनेही आज टाकला. "मी तो दोन हजार व्ह्यूज असताना ऐकत होते. तिला नावसुद्धा माहीत नाहीये."

मला आधी हसू आलं, आणि मग अंगात पुणेकर संचारला. म्हटलं, "हे काहीच नाही. मी इंडियन ओशनला, दिल्लीच्या त्या बँडला, १९९८ साली ऐकलंय. तेव्हा आमच्या हॉस्टेलवर कुणाला त्यांचं नावही माहीत नव्हतं." "प्रूफ?" तिने विचारलं.

प्रूफ होतं की. माळ्यावर, स्वेटरच्या ट्रंकेखाली, बाबांना दरवर्षी मिळायच्या त्या विमा कंपनीच्या डायऱ्या. इंजिनियरिंगची चारही वर्षं मी रोज लिहायचे. स्टूल लावून खोका काढला, शिंका दिल्या, १९९८ची उघडली. शोधायला फार वेळ लागला नाही, कारण दादा दिल्लीहून आला तो दिवस दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला. शब्द न बदलता उतरवून ठेवते:

"दादा आला. पेठा आणला, थोडा चिकट झालाय. एक कॅसेट पण. नुसतंच वाजवतात, गाणं असं नाहीच. बी साईडला डोकं दुखलं. मेसमध्ये आज परत दुधी."

लेकीने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली. हसली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे मी पंचवीस-सव्वीस वर्षं सांगत आलेय ती गोष्ट अशी आहे तर. ऐकलं होतं हे खरं. पण आवडलं नव्हतं. दुधीच्या बरोबरीने नोंद झालीय त्याची.

कॅसेट मात्र लख्ख आठवते. विकतची नव्हती, कुणाकडून तरी भरून घेतलेली. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, पट्टीवर दादाच्या तिरक्या अक्षरात 'डेझर्ट रेन, लाइव्ह', म्हणजे इंडियन ओशनचाच अल्बम. वाजवणाऱ्यांची नावं नाहीत, फोटो नाही. मूळ ध्वनिमुद्रण दिल्लीतलं, १ जानेवारी १९९७चं, 'सहमत' या कलाकारांच्या संस्थेच्या कार्यक्रमातलं. पथनाट्यवाल्या सफदर हाश्मींच्या आठवणीत तो दरवर्षी व्हायचा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त टाळ्या ऐकू यायच्या आणि कुणीतरी खोकायचं. तो खोकला मला अजून पाठ आहे. पुढे सीडी घेतली तेव्हा पहिल्यांदा तो खोकला शोधला. सापडला नाही. बहुतेक भरून घेताना दादाच खोकला असणार. (त्याला विचारलं, तर म्हणतो, शक्य आहे.)

आवडायला लागलं ते २००० साली, आणि त्याचं श्रेय माझं नाही. त्यांची 'कंदिसा' आली होती. ही मी विकत घेतली, रीतसर, कव्हरसकट. शीर्षकाचं गाणं केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना आहे, भाषा अरामाइक. हे कव्हरवर वाचून मी खोलीत सगळ्यांना येशूची भाषा, येशूची भाषा म्हणून ऐकवत सुटले होते. माझी रूममेट धुळ्याची. तिला माझ्या गाण्यांचा कंटाळा, कानात कापूस घालून सबमिशन करायची. त्याच कॅसेटवर 'मा रेवा' लागलं आणि ती कापूस काढून उठून बसली. "हे तुझ्याकडे कुठून आलं?"

ती बारावीनंतरच्या सुट्टीत शिबिरासाठी धडगावकडे गेली होती, नर्मदा आंदोलनाच्या लोकांबरोबर. तिथल्या एका सभेत निमाडातून आलेल्या बायकांनी हे गाणं म्हटलेलं तिने ऐकलं होतं. रेवा म्हणजे नर्मदाच. ढोल नाही, गिटार नाही, डोक्यावरचा पदर सावरत, एकमेकींकडे बघत म्हटलेलं. तिने मला म्हणून दाखवलं. तिचा आवाज काही बरा नव्हता, पण चाल वेगळीच लागली, हळू, चालताना म्हणावी तशी. मग मी कव्हर परत वाचलं. इंडियन ओशनमध्ये बास गिटार वाजवणारा राहुल राम कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन परतल्यावर काही वर्षं याच आंदोलनात होता, हे मला तिनेच सांगितलं. म्हणजे गाणं खोऱ्यातून दिल्लीला गेलं, तिथून कॅसेटवर चढून पुण्याला आलं, आणि धुळ्याच्या मुलीने ते ओळखलं.

मी तिला विचारलं होतं, मग तू आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, काय सांगू, हे गाणं कुणी विकत घेत असेल असं वाटलंच नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. त्या रात्रीची नोंद एका ओळीची आहे: "ती जेवली नाही. टेप लावला नाही."

पुढे २००२च्या थंडीत एका कॉलेजच्या मैदानावर इंडियन ओशनला समोर ऐकलं. आम्ही लवकर गेलो, त्यामुळे अगदी पुढे बसायला मिळालं. माझी नजर त्यांच्या तबलेवाल्या असीम चक्रवर्तींवरून हललीच नाही. मांडी घालून बसलेला माणूस, दोन्ही हात तबल्यावर, तोंडासमोर माइक, आणि हा गातोय. आपल्याकडे तबलजीने गायचं नसतं. त्याने मान खाली घालून साथ करायची, समेवर फार तर हसायचं. इथे हात एक बोलतायत आणि गळा दुसरंच. मधे माइक घसरला, तर त्यांनी बोलात खंड न पाडता हनुवटीने तो जागेवर ढकलला आणि पुढची ओळ घेतली. ही नोंद डायरीत साडेतीन पानं आहे. दुधीचा उल्लेख नाही.

मग २००७. 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमा कोर्टात अडकून अडकून फेब्रुवारीत लागला आणि त्यातलं इंडियन ओशनचं 'बंदे' ऑफिसच्या बसमध्ये रोज सकाळी वाजायला लागलं. मागच्या सीटवरचा नवा मुलगा, मुळचा सोलापूरचा, तबल्यासारखं दप्तर बडवत ते गायचा. मला इतका राग यायचा! आपल्या घरात कुणीतरी चपला घालून फिरतंय असं वाटायचं. एकदा त्याला ऐकवलंसुद्धा, यांचं खरं काम याच्या आधीचं आहे म्हणून. तो बिचारा म्हणाला, "हो का ताई, कॅसेट द्या ना मग." दिली नाही मी. हरवलीय म्हणून सांगितलं.

२००९च्या नाताळच्या दिवशी असीम चक्रवर्ती गेले. मला ती बातमी त्या मुलानेच फोन करून सांगितली. नोकरी सोडून बंगळुरूला गेला होता, दीड वर्षात बोलणं नव्हतं. म्हणाला, "ताई, तुम्हालाच सांगावंसं वाटलं," आणि पुढे त्याला बोलता येईना. मी स्वयंपाकघरात उभी, गॅसवर दूध. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याच्या होतं.

असो. डायरी हातात होती म्हणून बाकीचेही दावे तपासले.

अजय-अतुल. यांच्याबद्दल मी छातीठोक सांगते की 'विश्वविनायक'पासून ऐकतेय. नोंद सापडली, गणपतीतली: "सोसायटीत नवी कॅसेट. शंकर महादेवन. अंगावर काटा." संगीतकाराचं नाव नाही. मी ते वाचलंच नसणार. २००४ साली 'अगं बाई अरेच्चा!' आला तेव्हाच ती दोन नावं कळली असणार, आणि मग मागे जाऊन मी स्वतःला श्रेय देऊन टाकलं. या दोघा भावांचे वडील महसूल खात्यात, त्यांच्या बदल्यांबरोबर ही मुलं गावोगाव वाढली. जुन्नर-शिरूरकडच्या कुणी आधी ऐकलंय म्हटलं तर मी गप्प बसेन.

आणि महेश काळे. 'कट्यार' सिनेमा २०१५ला आला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आमच्या ऑफिसात लगेच दोन तट पडले: सिनेमावाले आणि "आम्ही २०१०ला राहुल देशपांडेबरोबर नाटकात ऐकलंय" वाले. मी दुसऱ्या तटात. इथे मात्र डायरी मध्ये येत नाही, लग्नानंतर लिहिणं सुटलं होतं. म्हणून हा दावा शाबूत आहे.

पुण्यात ही चढाओढ जुनीच. सासरे सांगायचे, त्यांच्या वडिलांनी भीमसेनांना १९४६ साली ऐकलं, सवाई गंधर्वांच्या साठीच्या समारंभात. तेवढं म्हणून झालं की ते चहाचा कप खाली ठेवायचे, म्हणजे आता बोलायचं काम नाही. त्या मैफलीला जितके लोक असतील त्याच्या निदान दहापट लोकांची नातवंडं आज पुण्यात राहतात.

पण खरी गंमत १९९९च्या डायरीत निघाली. मार्चमधली नोंद, लाल शाईत, चौकोन करून: "हे लोक मोठे होणार. आज लिहून ठेवतेय, म्हणजे नंतर कुणी नाही म्हणायला नको." खाली तारीख आणि माझी सही. सही!

हे लोक म्हणजे आमच्याच कॉलेजातली चार मुलं. मराठी शब्द, दोन गिटार, एक ढोलकी, आणि कीबोर्ड, ज्याचा वरचा 'सा' चिकटायचा. गॅदरिंगला वाजवलं, मग मेसच्या मागे दर गुरुवारी. एकदा एका रेकॉर्डिंगवाल्याकडे गेले, त्याने आगाऊ पैसे घेतले आणि टोलवत राहिला. चौथ्या वर्षाला कॅम्पस आला, दोघं नोकरीला लागले, एक अमेरिकेला, गाणारा घरच्या दुकानात. झालं. भांडण नाही, शेवटचा कार्यक्रम नाही. एका गुरुवारी कुणी आलं नाही, एवढंच.

इतकी वर्षं मी जे ऐकलं म्हणून मिरवतेय ते मला कळलं नव्हतं, आणि जे कळलं म्हणून सही केली त्यांना माझ्याखेरीज कुणी ऐकलं नाही.

खोक्याच्या तळाशी त्यांची कॅसेट होती. मेसच्या मागे, माझ्याच टेपवर भरलेली. ए साईडवर पेनाने 'गुरुवार'. बाबांचा डेक काढला. चाललाच नाही, आतला रबरी बेल्ट विरघळून डांबरासारखा झालाय, बोटं काळी झाली. मग शेजारच्या काकांचा जुना टू-इन-वन मागून आणला. पेन्सिल घालून सैल पट्टी घट्ट केली, कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. लेक दारात उभी राहून बघत होती. पेन्सिल कशाला, हे तिने दोनदा विचारलं.

लागलं. आधी खरखर, भांड्यांचा आवाज, मेसच्या मावशी कुणाला तरी ओरडतायत. मग "एक, दोन, तीन" आणि सुरू. लेक येऊन फरशीवर बसली. पूर्ण ए साईड ऐकली तिने. संपल्यावर म्हणाली, "यांचं काही ऑनलाइन नाहीये?" तिने फोनवर शोधूनही पाहिलं होतं. नाही.

मी फोन टेपजवळ धरून एक मिनिट भरून घेतलं आणि गाणाऱ्याला पाठवलं. नंबर होता, दिवाळीच्या शुभेच्छांपुरता. दोन निळ्या रेघा लगेच आल्या. उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली.

"दुसऱ्या कडव्यात पार बेसूर झालोय. डिलीट कर."

आणि आत्ता, सव्वाअकराला, परत: "बी साईडला काय आहे?"

काय आहे, मला आठवत नाही. आमचं बोलणं चालू असताना टू-इन-वनने बी साईडची पट्टी खाल्ली. वीतभर बाहेर आलीय, एका जागी चुरगळलीय. तुटलेली नाही. उद्या सकाळी उजेडात बसून सोडवते.